बाकाखालची बॅटरी

७ नोव्हेंबर, गुरुवार

काल लाभपाचम झाली आणि आज माझी नोकरी सुरू झाली! सुरतेत लाभपाचमेआधी कुणी शटर वर करत नाही, म्हणून दिवाळीचा आठवडा मी घरात मायसोबत साड्यांना लेस शिवत काढला. लेस कमी शिवली, बोटं जास्त शिवली. माय म्हणाली की तुझ्या हाताला वायरच बरी, साडीच्या वाटेला जाऊ नको.

लिंबायतहून इच्छापोर म्हणजे शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची वरात. शेअर रिक्षा, बस, पुन्हा रिक्षा. पोचले तोवर नव्या ड्रेसची इस्त्री गेली होती आणि वेणीत हजिऱ्याच्या ट्रकांची धूळ बसली होती. पण कारखाना बघितला आणि सगळा शीण विसरले. पत्र्याची मोठी शेड, आत जुन्या बस ओळीनं उभ्या, आणि प्रत्येक बसच्या पोटात एकेक घर. ओटा, शेगडी, पलंग, फ्रिज, एवढासा संडास. मालक भूपेंद्रभाई त्याला ‘कॅरव्हान’ म्हणतात, कामगार ‘घरगाडी’ म्हणतात. आमच्या लिंबायतच्या खोलीपेक्षा एकेक गाडी ऐसपैस आहे. मायला एकदा आणून दाखवायची.

माझं काम विजेचं. डिप्लोमा त्यासाठीच केला. गाडीत इन्व्हर्टर-चार्जर नावाची एक पेटी असते. बाहेरची लाइन जोडली की ती बॅटऱ्या भरते, आणि लाइन काढली की बॅटरीतून घरासारखी वीज तयार करून देते. गंमत म्हणजे गाडीतलं काहीच चालू नसलं तरी ही पेटी स्वतः थोडी वीज खात बसते. किती खाते ते मोजायचं आणि गाडीच्या कागदावर लिहायचं. ऑफिसातली जयश्री चहा घेऊन आली, माझ्यापेक्षा दोनेक वर्षांनी मोठी असेल. म्हणाली की इथे दुसरी बाई आली, आता मला बोलायला कुणीतरी मिळालं. मला इथे आवडणार.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

आज भूपेंद्रभाईंनी मला निळी गाडी दिली. शेडच्या अगदी टोकाला उभी आहे. गिऱ्हाइकानं स्वतःचीच जुनी बस आणून दिली होती घर बांधायला. सगळं काम झालंय, पण नुसती उभी ठेवली तरी बॅटरी उतरते. आधीचे वायरमन वाल्मिककाका दिवाळीपूर्वी काम सोडून गेले आणि दोष तसाच राहिला. भूपेंद्रभाई दोन-दोनदा म्हणाले, “बेन, मने झीरो जोईए.” मेन स्विच बंद केला की मीटरवर शून्य दिसलं पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं. बरोबरच आहे.

गाडी आतून सुंदर आहे. खिडकीखाली लांब बाक, त्यावर मऊ गादी, आणि बाकाखालच्या कप्प्यात बॅटऱ्या आणि ती पेटी. कप्प्याचं झाकण समोरून उघडतं, त्यामुळे बाकावर बसून, वाकून काम करता येतं. मी बॅटरीच्या जाड वायरीला क्लॅम्प मीटर लावला. हा मीटर फार गुणी. वायर कापायची नाही, नुसता चिमटा तिच्याभोवती लावायचा, की आतून किती करंट वाहतोय ते दिसतं. बॅटरीतून बाहेर जात असेल तर साधा आकडा, बॅटरीत येत असेल तर त्याच्यापुढे वजाचं चिन्ह.

पेटी चालू, बाकी सगळं बंद: दोन अँपियरच्या आसपास. ही तिची नेहमीची भूक, ठीक आहे. मग मेन स्विच बंद केला. शून्य यायला हवं होतं. पॉइंट चार आलं. म्हणजे मेन स्विचच्या अलीकडून कुणीतरी गुपचूप वायर काढून नेलीय. चोर सापडलाच समजा.

९ नोव्हेंबर, शनिवार

सापडला! बाकाच्या मागच्या प्लायवूडआड एक वायर गेली होती, थेट बॅटरीवरून. प्लाय काढला तर आत हाताएवढी जागा, तिथे कुंकू, सुकलेलं फूल, आणि मधोमध गाडीच्या पार्किंगचा जुना पिवळा बल्ब पेटलेला. दिवा म्हणून लावलाय हे लगेच कळलं. आमच्या खानदेशी माणसांचीच करामत. इथे ट्रकमध्ये, मागावर, कुठेही देवाचा बल्ब लावतात आणि तो कधी विझू नये म्हणून स्विचच्या आधीच जोडतात. हौस वाल्मिककाकांची आणि पॉइंट चार अँपियर बॅटरीचे.

थोडं वाईट वाटलं, पण गाडी गिऱ्हाइकाची आहे. बाकावर बसून हात जोडले, माफी मागितली आणि वायर कापली. बल्ब गेला. उठून मीटर बघितला तर शून्य. भूपेंद्रभाईंना बोलावून दाखवलं, त्यांनी सगळ्यांना पेंडा, म्हणजे आपला पेढा, वाटला. पहिल्याच आठवड्यात पेंडा, मी तर हवेतच होते.

घरी येताना बसमध्ये एकदम गळून गेले. हातपाय गार पडले. धावपळ झाली असेल.

१० नोव्हेंबर, रविवार

सुट्टी, पण अंथरुणातून उठवलं नाही. ताप नाही, उलट अंग गार आहे. मायनं दोन गोधड्या घातल्या, आल्याचा चहा दिला, मग शेजारच्या सरस्वतीमावशीला बोलावून दृष्ट काढली. तिचं म्हणणं, नव्या नोकरीचा ड्रेस फारच उठून दिसत होता. मला हसायला आलं, पण हसतानाही धाप लागली.

एक विचित्र वाटतंय. कुणीतरी पोटातून दोरी बांधून पश्चिमेकडे ओढतंय असं वाटतं. इच्छापोर तिकडेच आहे.

११ नोव्हेंबर, सोमवार

माय जाऊ देत नव्हती. मी गेले, कारण जावंसं वाटत होतं. नुसतं वाटत नव्हतं, जावंच लागणार असं वाटत होतं. आणि नवल म्हणजे जसजशी बस पुढे गेली तसतशी मला हुशारी आली. निळ्या गाडीत बाकावर बसले आणि जिवात जीव आला. जयश्री म्हणाली, सकाळी गेटवर आलीस तेव्हा चेहरा पांढराफटक होता, आता बरा दिसतोय.

कागदावर शेवटचा आकडा लिहायचा म्हणून पुन्हा मीटर लावला. मेन बंद, बाहेरची लाइन काढलेली, प्लग माझ्या डोळ्यांसमोर जमिनीवर. छतावर सोलर अजून बसवलेलं नाही. मीटरवर आकडा आला आणि त्याच्यापुढे वजा.

बॅटरीत करंट येतोय. कुठून येतोय?

चिमटा उलटा लावला असेल म्हणून फिरवून लावला, चिन्ह फिरलं, म्हणजे मीटर ठीक आहे. पुन्हा सरळ लावला, वजा. काय आहे ते बघायला उठून उभी राहिले तर वजा गेलं आणि शून्य आलं. बॅटरीत येणं थांबलं. बसले, वजा. उठले, वजा नाही. मी हे किती वेळा केलं कोण जाणे, पण दर वेळी तेच. आणि बसले की तळपायातून काहीतरी खाली झिरपतंय असं वाटतं. दुखत नाही. रक्त द्यायला गेल्यावर पिशवी भरताना वाटतं तेवढंच.

कुणाला सांगितलं नाही. काय सांगणार? मी बसले की बॅटरी भरते?

१२ नोव्हेंबर, मंगळवार

काल घरी पोचलेच नाही. रिक्षा इच्छापोर चौकाच्या पुढे गेली आणि माझा श्वास अडकला. छातीत ठोका पडायचा थांबला असं वाटलं, खरंच थांबला असेल. रिक्षावाल्यानं मला परत कारखान्यात आणलं. आडवं करायला जागा कुठे? निळ्या गाडीतला बाक. तिथे ठेवलं आणि मी डोळे उघडले.

आज भूपेंद्रभाईंनी स्वतःच्या मोटारीतून दवाखान्यात न्यायचं ठरवलं. माणूस चांगला आहे. चौक ओलांडला आणि मी पुन्हा गेले. जयश्री सोबत होती, तिनं सांगितलं की तुझे ओठ काळे पडले, नाडी लागेना, आणि मग तूच पुटपुटलीस, मागे घ्या, मागे घ्या. त्यांनी गाडी मागे घेतली. मग डॉक्टरलाच इथे आणलं. बाकावर तपासलं तर सगळं नॉर्मल. फक्त बीपी थोडं कमी आहे, आराम करा, म्हणाले.

दार उघडं आहे. कुलूप लावलेलं नाही, कडी लावलेली नाही. उघड्या दारातून मला कारखान्याचं गेट दिसतं, पलीकडचा चहावाला दिसतो. मी शेडमध्ये फिरू शकते, संडासला जाऊ शकते. गेटपर्यंत गेले की गुडघे दुमडतात. दर खेपेला थोडं अलीकडे दुमडतात.

मायला फोनवर सांगितलं की अर्जंट काम आहे, कंपनी इथेच राहायची सोय करतेय. तिनं विचारलं, बाई माणसाची कसली सोय? मी म्हटलं, जयश्री आहे.

१३ नोव्हेंबर, बुधवार

दिवा कापल्यापासूनच हे सुरू झालं, म्हणून तो बल्ब पुन्हा जोडला. नवी वायर, नवा बल्ब. टोकांवर पूर्ण व्होल्टेज दाखवतंय. बल्ब बाहेर टेबलावर पेटतो. त्या जागेत लावला की पेटत नाही.

जयश्रीकडून नंबर घेऊन वाल्मिककाकांना फोन केला. ते कोसाडला राहतात. दिवा कापला एवढंच सांगितलं, तर म्हणाले, येतो. दुपारी आले. पन्नाशीचा माणूस, पण केस सगळे पांढरे. गाडीत पाय ठेवला नाही, दाराबाहेर उभं राहून बोलले.

गाडीचं फर्निचर चिंधा सुताराने केलं. तो बाक बनवून त्याच्यावर बसला आणि मग त्याला इथून हलताच येईना. त्याला कुणी नव्हतं. एका सकाळी बसलेलाच सापडला, हार्ट अॅटॅक म्हणून मोकळे झाले. त्याला उचलताना वाल्मिककाका त्याच्याशेजारी टेकले, तेवढंच. त्यानंतर ते अडकले. शेवटी त्यांना कानबाई देवी आठवली. आमच्याकडे श्रावणात कानबाई बसवतात तेव्हा रात्रभर दिव्यापाशी कुणीतरी असतंच. दिव्याला एकटं सोडायचं नाही, एकाला उठायचं तर आधी दुसरा बसतो, मगच पहिला उठतो. इथेही तसंच असेल, दुसरं काहीतरी बसवलं तर आपण सुटू, असं त्यांना वाटलं. बाकामागे दिवा बसवला, त्याच्या हाती ही जागा सोपवली आणि उठले. आणि मी बाकावर बसून तो दिवा विझवला. म्हणजे त्याच्यानंतर बसणारी मीच.

मी म्हटलं, दुसरा दिवा बसवून द्या. ते म्हणाले, मायच्यान, सकाळपासून तेच डोक्यात आहे, पण एकदा विझलेला परत चालत नाही, तू लावून बघितला असशीलच, पेटला नाही ना? मग विचारलं, तुम्ही बसाल का. मी असं विचारायला नको होतं. ते रडायला लागले. “मन्हा इलाज नव्हता, बेटा,” एवढंच म्हणत मागे मागे सरकत गेले. कुणी बसायला आलं की मी सुटेन आणि तो अडकेल. दुसरा रस्ता नाही.

मी त्यांना गेटवर गाठलं असतं, पण गेट आता फार लांब आहे. ओरडून एकच सांगितलं: माझ्या मायला यातलं काही कळता कामा नये. तिला कळलं तर ती क्षणभर विचार करणार नाही.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

बॅटरीची वायर काढायचा प्रयत्न केला. पान्यानं नट सैल केला आणि छातीत— पुन्हा घट्ट केला. आता हात लावणार नाही.

वेणी घालताना हातात आलेले केस पांढरे होते.

दुपारी जयश्री डबा घेऊन आली. सकाळपासून उभी होती बिचारी, पाय दुखत होते. बोलता बोलता ती बाकावर बसायला वळली. मला दिसत होतं. मी गप्प राहिले. ओठ घट्ट मिटून गप्प राहिले आणि मनात म्हटलं, बस. बस. तिचा ड्रेस गादीला लागला असेल-नसेल तेव्हा मी किंचाळले. ती दचकली, डबा सांडला. तिला म्हटलं, उंदीर. ती हसत हसत भात गोळा करत होती आणि मी तिच्याकडे बघू शकत नव्हते.

आता कुणालाही आत येऊ देत नाही. दाराला आतून कडी लावते. इथे जेवणाचा डबा पायरीवर ठेवतात.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

माय आली होती. कंपनीची सोय बघायला. खिडकीची काच बंद ठेवून आतून बोलले. सांगितलं की मशीन चालू आहे, दार उघडलं तर काम बिघडेल. तिनं काचेवर हात ठेवला. केसांवर ओढणी घेतली होती मी, तरी ती माझ्याकडे बघत राहिली. बेटा, तू वाळत चाललीस, म्हणाली. मी म्हटलं, काचेमुळे तसं दिसतं.

ती गेली. गेटपर्यंत तिची पाठ दिसत होती. मी खूप रडले. रडायलाही जोर लागतो हे आधी माहीत नव्हतं.

१६ नोव्हेंबर, शनिवार

भूपेंद्रभाई खूश. बॅटरी सारखी शंभर टक्के. सोमवारी गाडी गिऱ्हाइकाकडे जाणार, ड्रायव्हर ठरला. मला म्हणाले, तुला गाडीत बरं वाटतं ना, मग गाडीसोबतच जा, काही दिवस तिकडे देखरेख कर, हवापालट होईल. चेष्टा नव्हती. ते चांगलंच बोलत होते.

गाडी जाईल तिकडे मी जाणार. कुठे? त्यांनी नाव सांगितलं, मी विसरले. विसरायला लागलेय—

वजाच्या पुढचा आकडा लहान होतोय. माझ्यात आता कमी उरलंय.

१७ नोव्हेंबर, रविवार

शेडमध्ये कुणी नाही. गेटवर वॉचमन.

उठून दारापर्यंत. दारातच पाय—

पुन्हा बाक.

मायचा फोन. वाजू दिला. पुन्हा वाजला. उचलला, नीट बोलले, हसले सुद्धा. तिनं विचारलं, तू खरंच बरी आहेस ना. हो म्हटलं. मग ती म्हणाली, वाल्मिक नावाचा माणूस घरी आला होता, दारात उभा राहून रडला, नावापलीकडे काही न सांगता गेला. कोण तो?

ओळखत नाही म्हटलं. देवा, तो पुन्हा जाऊ नये. पुन्हा तिच्या दारात—

१८ नोव्हेंबर

ड्रायव्हर आलाय. भूपेंद्रभाई बाहेर बोलतायत.

मायचा आवाज.

सांगितलं वाल्मिककाकांनी. आज पहाटे घरी गेले आणि सगळं सांगितलं—

कडी लावलीय. दोन्ही हातांनी धरलीय, मधेच लिहितेय. ती ओरडत नाही. दाराला तोंड लावून हळू बोलतेय. कानबाईला मी रात्रभर बसते, मला कुठे दम लागतो, म्हणतेय. “तू ऊठ पोरी. मी बसस.”

नाही म्हटलं. शपथ घातली. ती म्हणाली, तुझ्या शपथेनं मला काही होत नाही.

भूपेंद्रभाईंची चावी, दाराच्या फटीतून. बाहेरून—

हातात जोर नाही. कडी वर जातेय.

बाकावर आडवी पडलेय. पूर्ण आडवी. डोक्यापासून पायापर्यंत सगळा बाक अडवलाय. बसायला जागा नाही तिला. कुठेच नाही.

आत आली. चप्पल बाहेर काढून आली. माय, उभी राहा. माय, नुसती उभी राहा, जवळ उभी राहा, बस एवढंच—

माझे पाय उचलतेय. पायांखाली जागा करतेय—

बसली.

माझे पाय तिच्या मांडीवर आहेत. मुंग्या आल्या पायाला. आता ऊब. गुडघ्यापर्यंत. श्वास लागतोय, पूर्ण लागतोय, पोटातून. मला बरं वाटतंय. देवा, मला किती बरं वाटतंय, आणि मायचे हात माझ्या पायांवर आहेत आणि ते